मायक्रोकरंट फेशियल: खुर्चीत बसण्याआधी पडणारे प्रश्न

शहरातल्या मोठ्या पार्लरांपासून तालुक्याच्या गावातल्या स्किन क्लिनिकपर्यंत आता ‘मायक्रोकरंट’ हा शब्द पोचला आहे. ‘सुई नाही, चीर नाही, वय मात्र दहा वर्षांनी कमी’ अशा जाहिराती दिसतात. मग चाळिशी ओलांडलेल्या बायका, लग्नघरातल्या वरमाया, रोज कॅमेऱ्यासमोर बसणारी मंडळी चौकशीला येतात. हे काम मी करते आणि मला ते मनापासून आवडतं. म्हणूनच त्याच्याबद्दल कुणी फुगवून सांगितलं की मला वाईट वाटतं, कारण त्या फुगवण्याची किंमत समोरच्या बाईच्या पर्समधून जाते. नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काहींची उत्तरं लांब आहेत, काहींची दोन ओळींत संपतात.

मायक्रोकरंट फेशियल म्हणजे नेमकं काय?

चेहऱ्यावर पाणीदार जेल लावायचं आणि धातूची दोन टोकं असलेला प्रोब त्यावरून हळूहळू फिरवायचा. एका टोकातून दुसऱ्या टोकाकडे जाणारा अतिशय सौम्य वीजप्रवाह त्वचेतून आणि तिच्या खालच्या स्नायूंतून वाहतो. काही ठिकाणी प्रोबऐवजी वीजवाहक हातमोजे वापरतात, तत्त्व तेच.

हा प्रवाह मायक्रोअँपिअरमध्ये मोजतात. एक मायक्रोअँपिअर म्हणजे एका अँपिअरचा दहा लाखावा भाग. मायक्रोकरंट म्हणवून घ्यायचं तर प्रवाह १,००० मायक्रोअँपिअरच्या, म्हणजे एका मिलिअँपिअरच्या आत हवा. चेहऱ्यासाठीची बरीचशी यंत्रं याच्या निम्म्याहून कमी पातळीवर चालतात. कंबरदुखीला फिजिओथेरपिस्ट पॅड चिकटवून जे मशीन लावतात, त्याचा प्रवाह मिलिअँपिअरमध्ये असतो. म्हणून तिथे मुंग्या येतात, स्नायू उडतो. इथे तसं होत नाही.

शॉक बसतो का? दुखतं का?

नाही. बहुतेकांना प्रोबचा गार स्पर्श आणि हलका दाब एवढंच जाणवतं. जेल वाळलं असेल तर टोचल्यासारखं होतं, तेव्हा लगेच सांगायचं. दातांत चांदीचं फिलिंग असेल तर तोंडात धातूची चव येऊ शकते. प्रोब डोळ्याच्या फार जवळ गेला तर मिटल्या डोळ्यांपुढे क्षणभर काहीतरी चमकल्यासारखं वाटतं, कारण डोळ्याच्या पडद्याला तो प्रवाह प्रकाशासारखा भासतो. घाबरण्यासारखं त्यात काही नाही, पण करणाऱ्या व्यक्तीने तिथून प्रोब बाजूला घ्यायला हवा. डोळ्याभोवती काम फक्त हाडाच्या कडेवरून करायचं, पापणीवरून कधीच नाही.

विजेचा आणि त्वचेचा संबंध आला कुठून?

बराच जुना आहे. इटलीतल्या बोलोन्याच्या लुइजी गाल्वानी यांनी बेडकाच्या पायावरचे प्रयोग १७९१ मध्ये प्रसिद्ध केले आणि स्नायूंचं विजेशी नातं आहे हे जगापुढे आलं. जर्मन शरीरशास्त्रज्ञ एमिल द्यु ब्वा-रेमाँ यांनी १८४३ मध्ये स्वतःच्या बोटाला केलेल्या जखमेतून वाहणारा बारीकसा प्रवाह मोजला. निरोगी त्वचेच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूंमध्ये काही मिलिव्होल्टचा फरक कायम असतो. त्वचा फाटली की तिथे शॉर्टसर्किट होऊन प्रवाह वाहू लागतो, आणि जखम भरायला येणाऱ्या पेशींना दिशा दाखवण्यात त्याचा वाटा असतो. न भरणाऱ्या जखमांवर सौम्य वीजप्रवाह देऊन पाहण्याची कल्पना यातूनच पुढे आली.

चेहऱ्याच्या बाजूने पाहिलं तर फ्रान्सचे ड्युशेन द बुलोन्य यांचं नाव घ्यावं लागतं. चेहऱ्याच्या एकेका स्नायूला वीज देऊन कोणता स्नायू कोणता भाव उमटवतो हे त्यांनी १८६२ मध्ये छायाचित्रांसह मांडलं. डोळ्यांपर्यंत पोचणाऱ्या खऱ्या हसण्याला आजही त्यांचंच नाव आहे. त्यांनी दिलेली वीज मात्र स्नायू आकुंचन पावेल इतकी जोरदार होती. आजच्या फेशियलमधली वीज त्या मानाने अगदी क्षीण आहे. हा फरक लक्षात ठेवा, पुढे पुराव्याबद्दल बोलताना तो लागेल.

‘पेशींची ऊर्जा ५०० टक्के वाढते’ असं सांगतात. खरं आहे का?

हा आकडा हवेतून आलेला नाही, पण तो जसा सांगितला जातो त्याने गैरसमज होतो. १९८२ मध्ये बेल्जियमच्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात सौम्य प्रवाह दिल्यावर एटीपी, म्हणजे पेशीला काम करायला ऊर्जा पुरवणारा रेणू, जवळपास पाचपट झाला आणि प्रथिनं तयार होण्याचा वेगही वाढला. प्रवाह १,००० मायक्रोअँपिअरच्या वर गेल्यावर हा फायदा थांबला, आणि ५,००० ला तर उलटा परिणाम दिसला. ‘कमी प्रवाह चांगला, जास्त प्रवाह वाईट’ ही या क्षेत्रातली समजूत तिथूनच आली.

पण तो प्रयोग उंदराच्या त्वचेच्या तुकड्यांवर, प्रयोगशाळेत झाला होता. जिवंत माणसाच्या गालावर नाही. माणसाच्या चेहऱ्यावरून प्रोब फिरवला तर आतल्या पेशींत एटीपी पाचपट होतं आणि त्यामुळे सुरकुत्या जातात, असं त्या प्रयोगातून सिद्ध होत नाही. ज्या पत्रकावर हा आकडा छापलाय पण उंदराचा उल्लेख नाही, त्या पत्रकावरच्या बाकीच्या आकड्यांवरही विश्वास ठेवू नका.

मग चेहरा ‘उचलला’ जातो की नाही?

उपचार संपल्यावर आरशात फरक दिसतो, हे मी रोज पाहते. गालाचं हाड थोडं उठून दिसतं, भुवया किंचित वर वाटतात, सूज उतरते, चेहरा ताजा दिसतो. प्रश्न हा की त्यातलं किती नेमकं विजेमुळे?

चाळीस-पन्नास मिनिटं चेहऱ्यावर खालून वर, आतून बाहेर हात आणि प्रोब फिरत असतो. त्याने ऊतींत साठलेलं पाणी निघून जातं, रक्ताभिसरण वाढतं. जेलमधल्या ग्लिसरीन किंवा हायल्युरॉनिक आम्लाने त्वचेच्या वरच्या थरात ओलावा भरतो आणि बारीक रेषा बुजतात. तुम्ही तासभर शांत पडून असता, त्यामुळे कपाळावरचा ताण सैल होतो. स्नायूंना मिळालेल्या सौम्य उत्तेजनाचाही काही वाटा असेल. हे सगळं मिळून दिसणारा परिणाम खरा आहे, पण तो तात्पुरता आहे. इस्त्रीची साडी नेसून दिवसभर वावरलं की चुण्या परत येतात, तसा एक-दोन दिवसांत, फार तर आठवड्याभरात चेहरा मूळ जागी येतो.

चेहरा ओघळतो त्याची कारणं खोल असतात. वयानुसार जबड्याची आणि डोळ्याभोवतीची हाडं झिजतात. गालातल्या चरबीच्या गाद्या आक्रसतात आणि खाली सरकतात. त्यांना धरून ठेवणारे अस्थिबंध सैल पडतात. त्वचेला घट्ट ठेवणारं कोलॅजेन हे प्रथिन घटतं, आणि उन्हाने ते आणखी लवकर तुटतं. यांपैकी हाड, चरबी आणि अस्थिबंध यांच्यावर मायक्रोकरंटचा काहीही परिणाम होत नाही. ज्यांच्या जबड्याखाली त्वचा लोंबायला लागली आहे, त्यांना ‘विनाशस्त्रक्रिया फेसलिफ्ट’ म्हणून हे विकणं मला अन्यायाचं वाटतं.

पण अभ्यास झालेत ना? सलोनमध्ये तर कागद दाखवतात.

झालेत, पण कागद वाचताना दोन गोष्टी बघा: किती लोकांवर झाला आणि यंत्र कोणतं होतं.

सगळ्यांत जास्त मिरवला जाणारा एक अभ्यास २०१२ चा आहे. शंभरावर स्त्रिया, त्यांतल्या निम्म्यांनी बारा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, चेहऱ्यावर विद्युत उत्तेजन घेतलं. गालाला वर ओढणाऱ्या झायगोमॅटिक स्नायूची जाडी सोनोग्राफीत सरासरी १८.६ टक्क्यांनी वाढलेली दिसली. आकडा छान आहे. मात्र ते यंत्र स्नायूला आकुंचन पावायला लावणारं, ईएमएस (इलेक्ट्रिकल मसल स्टिम्युलेशन) प्रकारचं होतं, ड्युशेन यांच्या विजेच्या जातीचं. त्याचा निष्कर्ष मायक्रोकरंटच्या नावावर चिकटवणं चुकीचं आहे. स्नायू हलतच नसेल तर त्याला व्यायाम कसा होणार?

मायक्रोकरंटवर स्वतंत्रपणे झालेले अभ्यास लहान आहेत, थोड्या आठवड्यांचे आहेत. काहींत यंत्र बनवणाऱ्यांचाच सहभाग आहे, आणि काहींत नकली यंत्र लावलेला तुलनेचा गट नाही. सुरकुत्यांत किंचित सुधारणा, त्वचा घट्ट वाटणं असे निष्कर्ष त्यांत येतात. म्हणून मी असं सांगते: नुकसान जवळपास नाही, तात्पुरता फायदा डोळ्यांना दिसतो, दीर्घकाळच्या फायद्याचा भक्कम पुरावा नाही.

तुलनेला आणखी एक सांगते. अमेरिकेत नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात चेहऱ्याच्या व्यायामाचा एक छोटा अभ्यास झाला, २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. ४० ते ६५ वयाच्या स्त्रियांनी वीस आठवडे घरी व्यायाम केले आणि त्यांचे फोटो पाहणाऱ्या डॉक्टरांनी अंदाजलेलं वय सरासरी ५०.८ वरून ४८.१ वर आलं. शेवटपर्यंत टिकल्या फक्त सोळा जणी, आणि तुलनेचा गट नव्हता. म्हणजे तोही कच्चाच पुरावा, पण त्याला खर्च शून्य आहे.

आमच्या पार्लरमध्ये गॅल्व्हॅनिक आणि हाय फ्रिक्वेन्सी मशीन आहे. तेच का हे?

नाही. ब्युटीशियनच्या कोर्समध्ये ही मशीनं एकत्र शिकवतात, म्हणून घोळ होतो. गॅल्व्हॅनिकमध्ये एकाच दिशेने वाहणारा प्रवाह असतो आणि त्याचा उपयोग सीरममधले काही घटक त्वचेत ढकलण्यासाठी किंवा छिद्रांतला तेलकट मळ मऊ करण्यासाठी होतो. हाय फ्रिक्वेन्सी म्हणजे जांभळी चमकणारी काचेची कांडी, ती मुरमांच्या त्वचेवर वापरतात. ईएमएसमध्ये स्नायू उडताना दिसतो. मशीनवर ‘मायक्रोकरंट’ लिहिलंय पण गाल थडथड उडतोय, तर ते मायक्रोकरंट नाही.

कोणत्या वयात सुरू करावं?

पंचविशीत तर मुळीच गरज नाही. त्या वयात पैसे सनस्क्रीनवर घाला. पस्तिशी ते पन्नाशी, जेव्हा चेहरा संध्याकाळी उतरलेला दिसायला लागतो पण त्वचा अजून लोंबत नाही, त्या काळात याचा परिणाम डोळ्यांत भरतो. साठीनंतर करायला हरकत नाही, पण आरामाचं फेशियल म्हणून.

रजोनिवृत्तीनंतर चेहरा अचानक बदलला. उपयोग होईल का?

हा प्रश्न विचारताना बऱ्याच जणी आवाज खाली आणतात. तसं करायचं काही कारण नाही. भारतात पाळी थांबण्याचं सरासरी वय ४६-४७ च्या आसपास आहे, म्हणजे नोकरी, मुलांच्या परीक्षा, सासू-सासऱ्यांची आजारपणं या सगळ्याच्या मध्यावर. इस्ट्रोजेन कमी झाल्यावर पहिल्या पाच वर्षांत त्वचेतलं कोलॅजेन सुमारे ३० टक्क्यांनी घटतं, त्वचा पातळ आणि कोरडी होते, खाज सुटते. हा बदल खरोखरच झपाट्याने होतो, तुमचा भास नाही.

मायक्रोकरंटने ते कोलॅजेन परत येत नाही. या काळात जास्त कामाला येतं ते असं: फेस येणारा साबण बंद करून सौम्य क्लेन्झर, आंघोळीनंतर लगेच सिरॅमाइड असलेलं जाडसर मॉइश्चरायझर, रोज सनस्क्रीन आणि त्वचारोगतज्ज्ञांना विचारून रात्रीचं रेटिनॉइड, म्हणजे अ जीवनसत्त्वाच्या जातीचं मलम. घाम, झोप न लागणं, चिडचिड हेही असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा. हे सगळं मार्गी लागल्यावर महिन्यातून एखादं मायक्रोकरंट हवं तर जरूर घ्या.

कोणी करूच नये?

हा भाग कृपया पूर्ण वाचा. पार्लरमध्ये कुणी विचारलं नाही तरी आपण होऊन सांगा.

हृदयाला पेसमेकर किंवा शरीरात दुसरं कोणतंही विजेवर चालणारं उपकरण बसवलेलं असेल, कानात कॉक्लिअर इम्प्लांट असेल, तर नाही. फिट्सचा त्रास असेल, तर नाही. गरोदरपणात नाही, धोका सिद्ध झालाय म्हणून नव्हे, गरोदर स्त्रियांवर याची चाचणीच होत नाही म्हणून. कॅन्सरवर उपचार चालू असतील तर नाही. चेहऱ्यावर वाढणारा, रंग बदलणारा, रक्त येणारा तीळ किंवा गाठ असेल तर आधी त्वचारोगतज्ज्ञ. पिकलेली मुरमं, नागीण, ओठावरची तापाची ताजी पुटकुळी, उघडी जखम, उन्हाने भाजलेली त्वचा असेल तर ते बरं होईपर्यंत थांबा. अपघातानंतर जबड्यात किंवा गालात प्लेट बसवली असेल तर ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्यांना विचारा.

मानेवर काम करायचं तर बाजूने. गळ्याच्या मध्यभागी, थायरॉइडवर आणि नाडी लागते त्या जागी प्रोब फिरवायचा नाही. घाईत हे विसरलं जातं. तुमची मान आहे, तुम्ही थांबवू शकता.

ब्लीच, वॅक्स किंवा वरच्या ओठाचं थ्रेडिंग त्याच दिवशी करू नका. त्वचा सोललेली असते, जेल आणि प्रवाह दोन्ही झोंबतात. दोन दिवसांचं अंतर ठेवा. कानातलं, चमकी आणि गळ्यातलं काढून घरीच ठेवून या.

बोटॉक्स किंवा फिलर केलं असेल तर?

ज्यांनी इंजेक्शन दिलं त्या डॉक्टरांना विचारूनच करा. साधारणपणे किमान दोन आठवडे थांबायला सांगतात. याचं कारण वीज कमी आणि चोळणं जास्त हे आहे: ताज्या इंजेक्शनच्या जागी दाब पडायला नको. बोटॉक्सने स्नायू मुद्दाम सैल केलेला असतो. तिथेच तो ‘घट्ट’ करायला पैसे देण्यात अर्थ नाही.

सावळ्या त्वचेला चालतं का? आणि वांग जातो का?

चालतं. आपल्याकडच्या त्वचेची मोठी अडचण अशी की उष्णता किंवा इजा झाली की ती काळी पडते, आणि तो डाग महिनोन्‌महिने राहतो. लेझर, जोरकस पील यांत हा धोका खरा असतो. मायक्रोकरंटमध्ये त्वचा तापत नाही, त्यामुळे इथे तो फारच कमी. हा त्याचा मोठा गुण आहे आणि जाहिरातीत तो क्वचितच सांगतात.

वांग मात्र याने जात नाही. एका टक्क्यानेही नाही. मेलॅनिन, म्हणजे त्वचेला रंग देणारं द्रव्य, तयार होण्याशी या उपचाराचा संबंध नाही. आपल्याकडे उन्हाचं वय सुरकुत्यांपेक्षा आधी डागांत आणि असमान रंगात दिसतं, सुरकुत्या गोऱ्या युरोपियन त्वचेच्या मानाने उशिरा येतात. म्हणजे पुष्कळ बायका ज्याला ‘वय दिसतंय’ म्हणतात ते प्रत्यक्षात डाग असतात, आणि त्यांना उचलण्याचं फेशियल विकलं जातं. आरशासमोर उभं राहून आधी ठरवा की खटकतंय ते काय: ओघळलेलं, कोरडं की काळवंडलेलं? तिन्हींचे उपाय वेगळे.

वांग असेल तर साध्या सनस्क्रीनपेक्षा आयर्न ऑक्साइड असलेलं, त्वचेच्या रंगाचं सनस्क्रीन चांगलं, कारण वांग डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडानेही गडद होतो.

एका बैठकीत नेमकं काय काय होतं?

चेहरा धुऊन मेकअप आणि तेल पूर्ण काढतात, हवं तर हलकं स्क्रब. मग जेलचा जाडसर थर. प्रोब हनुवटीपासून कानाकडे, ओठांच्या कडेपासून गालाच्या हाडाकडे, नाकाच्या बाजूने कानशिलाकडे, भुवईपासून केसांच्या रेषेकडे असा फिरतो. प्रत्येक रेघ सावकाश, तीन-चार वेळा. जाणती व्यक्ती अर्धा चेहरा झाल्यावर थांबवून आरसा देते. दोन बाजूंतला फरक तेव्हाच स्पष्ट दिसतो. शेवटी जेल पुसून मॉइश्चरायझर, आणि दिवसा असेल तर सनस्क्रीन. बरेच जण मध्येच झोपी जातात.

किती बैठका आणि किती खर्च?

सांगताना सहसा आठ-दहा बैठकांचं पॅकेज सांगतात, आठवड्यातून एक किंवा दोन, आणि नंतर महिन्याला एक. दर शहरागणिक आणि गल्लीगणिक बदलतात, त्यामुळे आकडा देत नाही, पण हिशेब कसा करायचा ते सांगते. समजा एका बैठकीचे ३,००० रुपये, तर दहांचे ३०,०००, आणि पुढे दरमहा एक धरली तर वर्षाला आणखी ३६,०००. परिणाम टिकवायचा तर हा खर्च कधी थांबत नाही. घरी येऊन, कागदावर मांडून मग हो म्हणा.

पहिल्या दिवशी पॅकेज घेऊ नका. एक बैठक घ्या, तिसऱ्या दिवशी त्याच खिडकीपाशी, त्याच उजेडात, न हसता फोटो काढा. आवडलं तर पुढची. ‘आजच घेतलं तर निम्म्यात’ असं म्हणणाऱ्या ठिकाणाहून उठून यायला संकोच करू नका.

मुलीचं लग्न आहे. कधी करून घेऊ?

इथे मात्र मी आनंदाने हो म्हणते. एका दिवसाचा ताजेपणा हवा असेल तर यासारखी फेशियल कमी आहेत, कारण यात सोलणं नाही, लालसरपणा जवळपास नाही. महिनाभर आधी एक करून बघा, म्हणजे जेल आपल्याला मानवतं की नाही ते कळेल. दुसरं लग्नाच्या एक-दोन दिवस आधी. हळदीच्या आदल्या दिवशी नवं पील, नवं ब्लीच, नवं सीरम असलं काही करू नका. मांडवात लाल चट्टे घेऊन बसलेली नवरी मी पाहिली आहे, आणि तिच्या चेहऱ्यावरचं ते अवघडलेपण विसरता येत नाही.

घरी वापरायचं यंत्र घ्यावं का?

अमेरिकेतल्या न्यूफेस आणि स्वीडनच्या फोरिओ या कंपन्यांची यंत्रं आपल्याकडच्या बायकांना इन्स्टाग्राममुळे माहीत झाली आहेत. परदेशातून येणाऱ्या भाच्या-पुतण्यांकडून मागवलीही जातात. घरच्या यंत्राचा प्रवाह सलोनच्या मशीनपेक्षा सहसा कमी असतो, पण सातत्य ठेवता येतं: एका वेळी पाच-दहा मिनिटं, सुरुवातीला आठवड्यातून चार-पाच दिवस, नंतर दोन-तीन.

तुम्ही रोज रात्री न चुकता चेहरा धुऊन क्रीम लावणाऱ्यांपैकी असाल, तर सलोनच्या पॅकेजपेक्षा यंत्र परवडेल. पण रात्री थकून तशाच झोपत असाल, आणि बहुतेक घरांत तसंच होतं, तर ते महिन्याभरात कपाटात जाईल. ऑनलाइन दीड-दोन हजारांत ‘मायक्रोकरंट’ म्हणून मिळणाऱ्या कित्येक वस्तू नुसत्या थरथरणाऱ्या मसाजर असतात. पेटीवर प्रवाह मायक्रोअँपिअरमध्ये लिहिलेला नसेल तर घेऊ नका. वॉरंटी भारतात चालते का तेही बघा.

यंत्रावर ‘एफडीए क्लिअर्ड’ लिहिलंय. म्हणजे परिणाम सिद्ध झाला ना?

तसं नाही. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, क्लिअर केलं म्हणजे ते यंत्र बाजारात आधीपासून असलेल्या तशाच यंत्राइतकं सुरक्षित आणि त्याच कामाचं आहे असं मान्य केलं. नव्या औषधासाठी लागतात तशा मोठ्या चाचण्या त्यामागे असतीलच असं नाही. सुरक्षिततेच्या दृष्टीने शिक्का उपयोगी आहे, तेवढंच. हे आपल्या महाराष्ट्राचं एफडीए नव्हे, हेही सांगायला हवं, कारण काही विक्रेते तसं भासवतात.

जेलऐवजी घरची कोरफड किंवा खोबरेल चालेल का?

तेल अजिबात नाही. तेलातून वीज वाहत नाही, प्रोब नुसता घसरतो. कोरफडीचा ताजा गर पाणीदार असतो, पण लवकर वाळतो, आणि पानाच्या सालीलगतच्या पिवळ्या चिकाने खाज येते. बाजारातलं साधं पाण्याचं, सुवास नसलेलं हायल्युरॉनिक जेल चालतं. वाळू लागलं की वर पाण्याचा फवारा मारा. आधी कानामागे लावून एक दिवस बघा.

पैसे मोजकेच आहेत. कशावर घालू?

आधी सनस्क्रीन, मग रेटिनॉइड, मग बाकी सगळं.

ऑस्ट्रेलियातल्या नंबूर गावात ५५ वर्षांखालच्या ९०३ लोकांवर साडेचार वर्षं अभ्यास झाला, तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. रोज सनस्क्रीन लावणाऱ्या गटात त्वचेचं वय वाढल्याची मोजता येईल अशी खूण साडेचार वर्षांत दिसली नाही. मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांच्या तुलनेत त्यांच्यात हे वाढणं २४ टक्के कमी होतं. मायक्रोकरंटच्या एकाही अभ्यासाचा पाया इतका पक्का नाही. एसपीएफ ३० किंवा जास्त, चेहरा आणि मानेला मिळून दोन बोटांच्या लांबीएवढं, आणि बाहेर असाल तर दोन-तीन तासांनी पुन्हा. यूव्हीए किरण ढगांतून आणि खिडकीच्या काचेतून येतात, म्हणून पावसाळ्यात आणि ऑफिसच्या खिडकीपाशीही लावायचं. दुचाकीवर स्कार्फ बांधता तो उत्तम, पण तो सनस्क्रीनच्या वरून.

रेटिनॉइडांपैकी ट्रेटिनॉइन हे उन्हाने वयस्क झालेल्या त्वचेवर सर्वांत जास्त अभ्यासलेलं मलम आहे. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घ्यायचं, गरोदरपणात नाही, सुरुवातीला आठवड्यातून दोन रात्री. पहिले काही आठवडे त्वचा सोलते. फरक दिसायला तीन ते सहा महिने लागतात आणि तितका धीर ठेवावा लागतो.

मध्येच बंद केलं तर चेहरा आणखी ओघळेल का?

नाही. जसा असता तसाच राहील. ही भीती घालून पॅकेज वाढवलं जातं.

पुरुषांना चालतं का?

चालतं. दाढी दाट असेल तर जेल जास्त लागतं आणि त्या भागात प्रवाह नीट पोचत नाही. दाढी आदल्या दिवशी करा, त्याच सकाळी नको.

चेहरा एका बाजूने वाकडा झालाय. मायक्रोकरंटने सरळ होईल असं सांगितलं.

पार्लरमध्ये जाऊ नका, आधी दवाखाना. चेहरा अचानक वाकडा झाला, सोबत हात लुळा पडला किंवा बोलणं अडखळलं, तर तो पक्षाघाताचा झटका असू शकतो. १०८ ला फोन करा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायला पहिले साडेचार तासच हातात असतात. फक्त चेहऱ्याच्या नसेचा त्रास, बेल्स पाल्सी, असेल तरी स्टिरॉइडच्या गोळ्या पहिल्या ७२ तासांत सुरू झालेल्या चांगल्या. वीज लावायची की नाही हे नंतर डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट ठरवतील.

करणारी व्यक्ती जाणकार आहे हे कसं ओळखायचं? आणि काही बिघडलं तर?

ती तुम्हाला आधी प्रश्न विचारते का ते बघा. पेसमेकर, फिट्स, गरोदरपण, चालू औषधं हे न विचारता थेट खुर्चीत बसवलं तर उठा. प्रोब तुमच्यासमोर स्पिरिटने पुसायला सांगा. मशीनचं नाव विचारा. क्लिनिकमध्ये कुणी ‘डॉक्टर’ म्हणवत असेल तर त्यांची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर तपासता येते. पांढरा कोट घातलेली प्रत्येक व्यक्ती त्वचारोगतज्ज्ञ नसते.

पुरळ, भाजल्यासारखा डाग किंवा दोन दिवसांवर टिकणारी लाली आली तर त्याच पार्लरच्या क्रीमवर विसंबू नका, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. फसवणूक झाली असं वाटलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. त्यासाठी पावती, पॅकेजचा कागद, व्हॉट्सअॅपवरचे संदेश आणि तारखेसह फोटो जपून ठेवा. पावती मिळत नसेल तर पैसे देऊ नका.